भार्गव मेल्यानंतर

नंदुरबार स्टेशनाबाहेर अमृत रिक्षात बॅग ठेवत होता. शेजारी बसलेल्या बाईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुमी ते मरी गयथात ना?" तिच्या तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती. फक्त डोळे दिसत होते, आणि तेही लाल. ती मिरचीच्या पथारीवरून, वाळत घातलेली मिरची उलटीपालटी करण्याच्या कामावरून आली असावी. प्रश्नात थट्टा नव्हती की आश्चर्यही नव्हतं; गावाला गेला होतात ना, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. अमृत हसला आणि "हां," म्हणाला. ती "बरं," म्हणून जरा सरकली, त्याला बसायला जागा करून दिली. रिक्षा निघाली. मग कितीतरी वेळ त्याच्या ओठांवर ते हसू तसंच राहिलं, कुणीतरी उतरवून घ्यायला विसरल्यासारखं.

शहर संपल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्यांची लाल शेतं पसरली. शेतं नव्हेतच ती, नुसती उघडी जमीन आणि तिच्यावर अंथरलेला लाल रंग. त्यात वाकलेल्या बायका, आणि वर पांढुरकं ऊन. ठसका लागला. रिक्षातले सगळेच खोकायला लागले, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि अमृतला वाटलं, ही माणसं माझ्यासाठी रडताहेत. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार गेला नाही. निरंजन भार्गव मेला तेव्हा कुणी रडलं होतं की नाही, त्याला माहीत नव्हतं. जवळपास सात वर्षं एका हिंदी मालिकेत तो भार्गव होता: गुप्तचर खात्यातला, हरवलेल्या माणसांचा माग काढणारा, कधी आवाज न चढवणारा अधिकारी. लोक म्हणायचे, त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचं थांबणं भीतीदायक आहे. ते थांबणं कुठून आलं ते फक्त अमृतला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तो वाक्य विसरला होता. समोरच्या नटाकडे बघत तो वाक्याची वाट पाहत उभा राहिला, आणि ते आलं तेव्हा हळू आवाजात आलं. दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेव. मग सात वर्षं त्याने ती विसरलेली जागा जपून वापरली. आणि एका सकाळी त्याला सांगण्यात आलं की पुढच्या आठवड्यात भार्गवला गोळी लागते, तो पुलावरून खाली पडतो. पूल खोटा होता, नदी म्हणजे स्टुडिओतली टाकी होती, पण पाणी खरं होतं आणि गार होतं. त्यात दिवसभर तो उताणा पडून राहिला, उघड्या डोळ्यांनी. वर दिवे होते, माणसं वाकून काहीतरी बोलत होती, आणि कानांत पाणी असल्यामुळे त्यांचं बोलणं दुरून, दुसऱ्याच कुणाच्या घरातून यावं तसं येत होतं. तेव्हापासून त्याचे कान पुरते मोकळे झालेच नव्हते. डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाले. पण जग अजून तसंच, दुरून, येत होतं.

ब्राह्मणपुरीला घरी पोचला तेव्हा आई, जसोदाबाई, ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं, शेंग हातातच राहिली. "उना का," म्हणाली. तो वाकून पाया पडल्यावर तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्याने कपाळाची उजवी बाजू चाचपली, जिथे भार्गवला गोळी लागली होती तिथे. "मी नही देखं," ती म्हणाली. "तो आवाज व्हयना नं, मी बंद करी टाकं." मोठा भाऊ रतिलाल संध्याकाळी शेतातून आला. तो बोलायला मोजका माणूस, केळीचे भाव, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या, एवढं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "आते काय करशी?" अमृतने "देखसू," म्हटलं. त्याची बोली गंजली होती. तोंडातून निघालेला शब्द आधी ऐकून मग तो आपलाच आहे याची तो खात्री करून घेत होता. रतिलालने मान हलवली आणि विषय संपवला. त्या मान हलवण्यात राग नव्हता. पण अमृतला वाटलं, मुंबईत सतरा प्रकारची माणसं सतरा प्रकारे 'बघू' म्हणतात ते मला कळतं. या एका माणसाची मान का हलली ते कळत नाही.

दिवस मग केळीच्या बागेत जाऊ लागले. तो सकाळी आत शिरायचा आणि जेवणाच्या हाकेपर्यंत बाहेर यायचा नाही. बागेत ऊन खालपर्यंत येत नव्हतं; यायचं ते पानांमधून गाळून, हिरवट, पाण्याखालच्या उजेडासारखं. लहानपणी तो इथेच लपायचा. बुंध्यांमधून दिसणारे माणसांचे पाय बघत बसायचा: कोण कुठे चाललंय, कोण कुणाशी थांबून बोललं, कोण एकटं असल्यावर स्वतःशीच काय पुटपुटतं. त्यात कसलाही हेतू नसायचा. बघण्याचाच एक गोड गुंगवणारा आनंद होता, आपण कुणाला दिसत नाही याचा. पुढे लोक त्याला मुलाखतीत विचारायचे, भार्गव तुम्हाला कुठे सापडला, आणि तो पुस्तकांची, अधिकाऱ्यांच्या भेटींची नावं सांगायचा. खरं म्हणजे भार्गव इथे, या हिरव्या उजेडात, उकिडवा बसलेला होता. आता तो मेला होता आणि बाग तशीच होती. पानावर पान घासल्याचा आवाज दुरून यायचा. एखाद्या दुपारी त्याचा डोळा लागायचा आणि जागं झाल्यावर क्षणभर त्याला कळायचं नाही की आपल्यातला मेलेला कोणता आणि उरलेला कोणता.

अशाच एका दुपारी आमशा त्याच्यासमोर येऊन बसला. आमशा हा रतिलालचा सालदार, धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यातला. तो आणि त्याची बायको बेबीबाई कित्येक वर्षं शेतातल्या खोलीवर राहत होते; होळीला तेवढे डोंगरात जायचे. अमृतने त्याला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तो नेहमी काहीतरी खांद्यावर घेऊन जाणारा माणूस होता. आता रिकाम्या हातांनी बसल्यावर ते हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं. "अमृतभाऊ," तो म्हणाला, "मन्ही रविना दखास नही." रविना. अमृतला दोन वेण्यांची एक मुलगी आठवली, आश्रमशाळेच्या सुट्टीत ओसरीच्या पायरीवर बसून टीव्ही बघणारी. तिचं लग्न झालं होतं. नवरा भरत, पलीकडच्याच पाड्यातला. दोघं ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. गेल्या होळीला मुकादमाच्या जीपने परत येताना विसरवाडीला सगळे चहाला उतरले, आणि जीप निघाली तेव्हा रविना जीपमध्ये नव्हती. तेवढंच. वर्ष होत आलं. आमशाने ठाण्यात नोंद केली, विसरवाडीला दोनदा जाऊन आला, हायवेच्या कडेने चालत एकेका दुकानात विचारलं. मुकादम छगन त्याच्याशी धड बोलेना. "तो माले देखीसन आतमा चालना जास," आमशा म्हणाला. मग थोडं थांबून, खाली बघत, "तू लोकेस्ले शोधी काढस."

अमृतला वाटलं, आता याला समजावून सांगावं लागणार. त्याने सुरुवातही केली: की ते सगळं लिहिलेलं असतं, की तो— आमशाने मान वर केली. "नाटक शे. माले मालूम शे ना." त्याच्या आवाजात किंचित दुखावलेपण होतं. "पन फोनवर छगनले नुसता आवाज ऐकाले येई. त्या आवाजले तो घाबरी जाई." अमृतला नाही म्हणायचं होतं. असं करणं गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं, पण नाही म्हणायचं कारण ते नव्हतं. कारण हे होतं की त्या टाकीनंतर त्याने तो आवाज एकदाही काढून पाहिला नव्हता. खोलीत एकटा असताना, आंघोळ करताना, एकदाही नाही. तो तिथे नसेल याची भीती होती, आणि असेल याची त्याहून जास्त. "विचार करस," तो म्हणाला. आमशा उठला, पडलेलं एक वाळकं पान उचलून बुंध्याशी ठेवलं, आणि गेला. त्या दिवशी जेवताना घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. आईने ताटाकडे पाहिलं. "बेबी रोज येस," ती म्हणाली, "टीव्हीसमोर बठस. तुन्हं ते सुरू व्हयनं की बठस, संपनं की उठस. एकदाव मी इचारं, तुले काय समजस यामा? ते ती म्हने, हाऊ शेवट माणूस सापाडस." जसोदाबाईने त्याच्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला. "आते तू मरी गया. तरी बठस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बागेतच, आमशा समोर बसलेला असताना त्याने छगनला फोन लावला. घंटा वाजत होती तेव्हा त्याचं अंग गार पडत गेलं, पायांपासून वर. पलीकडून "हालो" आलं. आणि ते आपोआप झालं: ती थांबण्याची जागा, रिकामी, काळोखी, आणि मग तिच्यातून वर येणारा तो हळू, जवळजवळ मायाळू आवाज. "छगन." पलीकडे एक गाडी जाण्याचा आवाज, मग काही नाही. "कोण... कोण साहेब?" अमृतने कोण ते सांगितलं नाही. "रविना जीपमधून उतरली. पुढचं सांग." त्याला स्वतःचा हात दिसत होता, गुडघ्यावर ठेवलेला, अगदी स्थिर. आणि कानात एका मोठ्या माणसाचा श्वास तुटत चाललेला ऐकू येत होता, दुरून नव्हे, अगदी जवळून; इतक्या दिवसांत जवळून ऐकू आलेली पहिली गोष्ट. "साहेब, मी काहीच करं नही. आईशप्पथ. ती मंगलाबाईनी खानावळमा गई व्हती, मी देखं. भरतले सांगं नही मी. त्यानी उसमा तिले कोयताना मुठघाई मारेल व्हतं, साहेब, आख्खी टोळीनी देखेल शे. सांगतू ते तो तिले मारी टाकता. म्हनीसन तिना बापले भी सांगं नही. साहेब, मन्ही आंडेर शे, मन्ही पोर, तेवढीच." आणि छगन रडायला लागला. अमृतने फोन बंद केला. तोंडाला कडू चव आली होती. सात वर्षं माणसं त्याच्यासमोर रडली होती, ग्लिसरीन घालून, आणि तो पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला होता. हा माणूस खरा रडला, आणि तो वाईट माणूस नव्हता. त्याने एका मुलीला वाचवलं होतं, आणि त्याबद्दल त्याला आज ही शिक्षा मिळाली होती. आमशा अमृतच्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हने?" "विसरवाडीले उतरनी इतलंच," अमृत म्हणाला. "मी जाईसन येस." आपण मंगलाबाईचं नाव का गाळलं, ते त्याला त्या क्षणी कळलं नाही.

विसरवाडीला बस थांबली तेव्हा दुपार टळत होती. ट्रकांची रांग, टायरवाले, रसवंत्या, धूळ. सगळं काही जायच्या घाईत, आणि त्यामुळेच जागचं न हलणारं. मंगलाबाईची खानावळ हायवेपासून जरा आत होती. तिथे मोठ्या तव्यावर भाकऱ्या होत होत्या आणि त्या करणारी थोराड बाई त्याला बघताच म्हणाली, "बठा. डुबुकवड्या शेतस." तो बसला. रश्शातल्या बेसनाच्या वड्या भाकरीशी जेवला. तिने त्याला ओळखलं होतं, ते तिच्या न बघण्यावरून कळत होतं. गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती समोर येऊन बसली, हाताला पीठ तसंच. "तुमले कोनी धाडं?" "तिना बापनी." "नवरा?" "नही." ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याला जाणवलं की आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याला भार्गवच्या नजरेने बघतंय, आणि त्या नजरेपुढे लपायला काही म्हणजे काही नाही. "टीव्हीमा तुमी लई खोटं बोलतस," ती म्हणाली. "आठे बोलू नका." मग आत गेली. पडद्याआडून फोनवर बोलल्याचा आवाज आला. परत येऊन तिने एका गावाचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की ते तिने सांगितलेलं नाही. ते नाव अमृतने पुढे कधी उच्चारलं नाही, म्हणून इथेही ते नाही.

ती एक रोपवाटिका होती. हिरव्या जाळीच्या छपराखाली पपईची रोपं ट्रेमध्ये ओळीने लावलेली, आणि सगळीकडे ओल्या मातीचा गार वास. हिरव्या उजेडात काही बायका पिशव्यांत माती भरत होत्या. त्यांतली एक उठली, हात झटकत त्याच्याकडे आली. दोन वेण्यांची मुलगी आता मोठी बाई झाली होती. केस कापलेले. मनगटापासून वर गेलेला एक जुना, चकाकणारा व्रण. "अमृतकाका," ती म्हणाली, आश्रमशाळेतल्या स्वच्छ मराठीत, "तुम्ही बारीक झालात." तिने त्याला उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसवलं, पाणी आणून दिलं. मग उभ्याउभ्याच बोलली. आपण बरी आहोत. मालकीण चांगली आहे. इथे राहायला खोली आहे, आणखी दोघीजणी आहेत. बाबा कसे आहेत, आईचा गुडघा कसा आहे. आणि मग, तो विचारायच्या आत, "मी यायची नाही. आणि मी इथे आहे ते बाबांना सांगायचं नाही."

"त्यांची काय अवस्था झालीय, तुला कल्पना नाही," अमृत म्हणाला. "मी आहे ना कल्पना," ती म्हणाली. वाक्य चुकलं, तिने दुरुस्त केलं नाही. "मी एकदा पळून घरी आले होते, काका. लग्नानंतर पहिल्याच पावसात. चालत. बाबांनी माझा हात बघितला, रडले. आईने तेल लावलं. आणि दुसऱ्या दिवशी पंच आले, विचारलं, मुलगी इथे आहे का. बाबा म्हणाले, आहे." तिने एका रोपाचं पान बोटांत धरलं, सोडलं. "बाबा वाईट नाहीत. बाबा खरं बोलतात. त्यांना दुसरं येतच नाही. पंचांनी विचारलं की सांगणार. मग मला परत नेऊन सोडणार, आणि घरी येऊन जेवणार नाहीत. म्हणून त्यांना माहीतच नसलं पाहिजे." अमृत ऐकत होता. जाळीतून येणारा उजेड तिच्या चेहऱ्यावर चौकटी चौकटींनी पडला होता. अमृत हसू आणि रडू यांच्यामधल्या कुठल्यातरी जागी येऊन पोचला होता. मालिकेत हे किती वेळा म्हटलं होतं त्याने, ज्याला माहीत असायची गरज नाही त्याला सांगू नका. टेबलावर हात ठेवून, खोल आवाजात. त्या वाक्याचा अर्थ असा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं: की एक मुलगी बापावर माया करते म्हणून बापापासून लपते. "जिवंत आहे एवढं सांगू?" त्याने विचारलं. तिने एका पिशवीतली माती बोटांनी दाबून बसवली. "सांगा. आणि..." तिला काहीतरी आठवलं, ती एकदम हसली, मोकळं, तोंडावर मातीचा हात ठेवून. "आई अजून तुमची मालिका बघते का? तिला वाटायचं, तुम्ही टीव्हीतून ओसरीवरचं सगळं बघता. म्हणून ती पदर नीट घेऊन बसायची."

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून तो बसला होता आणि बाहेर ऊस, पपई, कापसाची उभी वाळकी झाडं, पुन्हा ऊस, असं सगळं सरकत होतं. कुठल्याशा फाट्यावर बस थांबली. एक बाई कोंबडी घेऊन चढली. कंडक्टर तिच्याशी तिकिटावरून भांडला, कोंबडी ओरडली, लोक हसले. अमृतला हे सगळं ऐकू येत होतं, एकेक आवाज वेगळा, कडा असलेला. कान केव्हा मोकळे झाले ते त्याला कळलं नव्हतं. त्याला झोप येत होती, पण त्या झोपेत एक टोचणी होती. आता त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी फक्त त्याची होती, कुणी लिहून न दिलेली. आणि ती घेऊन त्याला दोन माणसांसमोर जायचं होतं.

ते दोघं शेतातल्या खोलीपुढे उभेच होते. "जिती शे," अमृत लांबूनच म्हणाला, कारण जवळ पोचेपर्यंत थांबणं त्यांच्यासाठी शक्य नव्हतं. बेबीबाई खाली बसली. नुसती बसली, जमिनीवर, पाय पसरून. आमशा तसाच उभा होता. "कोठे शे?" "बरी शे. काम करस. तिले कोनी तरास देत नही." "कोठे शे, भाऊ?" अमृतने मान हलवली. आमशाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग त्याला समजलं. अमृतने त्याच्या चेहऱ्यावर ते समजणं उतरताना पाहिलं, आणि नजर वळवावीशी वाटली तरी वळवली नाही. "मी बाप शे तिना," आमशा म्हणाला. "हां." "आनि तू माले सांगत नही." "तिनीच सांगेल शे, सांगू नको." आमशाचा हात वर आला; मारणार असं वाटलं. मग त्या हाताने त्याने दाराची चौकट धरली आणि तो आत गेला. बेबीबाईने वर पाहिलं. "दुबळी व्हयी गई का?" तिने विचारलं. "नही." "हासस का?" "हासनी. तुन्हावर हासनी." बेबीबाईने पदर तोंडावर घेतला, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, ते त्याने ठरवलं नाही.

त्यानंतर आमशा त्याच्याशी बोलला नाही. बागेत समोर आला तर बाजूने जायचा, रतिलालने त्याला काही निरोप द्यायला सांगितला तर तो बेबीबाईकडून यायचा. अमृतला हे सहन होत नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर त्याला वाटायचं, आज सांगून टाकू. ते गाव जिभेवर यायचं, गोड-तुरट. मग तो चकाकणारा व्रण दिसायचा. होळी जवळ आली आणि एका दुपारी भरत आला. मोटारसायकलवर, बरोबर दोन वडीलधारी माणसं. त्यांतले गुलाबसिंग हे पंच: उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे, बोलायला अतिशय सभ्य. भरत तरुण होता, देखणाच म्हणायला हवा, आणि खाली मान घालून उभा होता. अमृतला वाटलं होतं, राक्षस बघायला मिळेल. या मुलाच्या डोळ्यांखाली न झोपल्याची काळी वर्तुळं होती. छगन कुणाच्यातरी फोनबद्दल कुठेतरी बोलला होता; ते त्यांच्या कानावर गेलं होतं. खळ्यात सगळे बसले. ते त्यांच्या बोलीत बोलत होते, अमृतला अर्धंमुर्धं कळत होतं. गुलाबसिंगांनी कोपऱ्यातल्या कणगीतून मूठभर ज्वारी मागवली आणि आमशाच्या ओंजळीत ठेवली. मोगीमातेची आण घालून विचारलं, मुलगी कुठे आहे, तुला माहीत आहे का. आमशाने ज्वारीकडे पाहिलं. दाणे हलत नव्हते. "नाही," तो म्हणाला. "मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही." एवढं म्हणताना त्याचा आवाज फुटला, आणि ज्यांनी ज्यांनी तो ऐकला त्यांपैकी कुणालाही शंका घेता आली नाही.

मग गुलाबसिंग अमृतकडे वळले. मराठीत, जरा हसून म्हणाले, "तुम्ही सांगा, साहेब. तुम्ही तर पाताळातून माणूस काढता." भरतने मान वर केली. "तुम्ही बघितलंय तिला?" त्याने विचारलं, आणि त्या विचारण्यात इतकी आशा होती की अमृतला त्याच्याकडे बघवेना. त्याने आतमध्ये मदतीला कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं. कुठला आवाज नाही, चेहरा नाही, शिकवून ठेवलेला हात नाही. फक्त ब्राह्मणपुरीचा अमृत, रतिलालचा भाऊ, बेकार. "नाही बघितलं," तो म्हणाला. आवाज बारीक आला, घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "नाही. मी नट आहे हो. मला काय माहीत असणार?" गुलाबसिंग त्याच्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना थोडी निराशा वाटली, टीव्हीतला माणूस जवळून एवढासाच निघाला याची. त्यांनी आमशाच्या ओंजळीतली ज्वारी परत घेतली, एकही दाणा सांडू न देता, आणि उठले. भरत सर्वांत शेवटी गेला. मोटारसायकलचा आवाज विरेपर्यंत अमृत खळ्यातच बसून होता. त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता. आयुष्यात तो कधी इतकं थोडं बोलून इतकं मोठं खोटं बोलला नव्हता, आणि त्याला कुणी 'छान' म्हणणार नव्हतं. वर पाहिलं तेव्हा आमशा कणगीपाशी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. मग कामाला निघून गेला.

होळीसाठी आमशा आणि बेबीबाई डोंगरात निघाले त्या सकाळी शहाद्याहून धडगावला जाणारी जीप शेताच्या बांधाशी थांबली होती. टपावर आधीच पोती, सायकल, एक बकरी. अमृत सहज म्हणून तिथे आला होता, किंवा तसं स्वतःला सांगत होता. बेबीबाई त्याच्यापुढे आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. कापडातून आमचुराचा आंबट, उन्हाळी वास येत होता. "तिले आंबट लागस," ती हळूच म्हणाली. "तू कधी जाशी, तवय." अमृतने आमशाकडे पाहिलं. तो दहा-बारा पावलांवर पेटी पायाशी ठेवून उभा होता, त्यांच्याकडे पाठ करून. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती केळीची बाग होती, तीच ती रोजची. तरी तो बागेकडे तोंड करून, ताठ, हात बाजूला सोडून उभा होता. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. तो वळला नाही. अमृतने गाठोडं घेतलं, शर्टाच्या आत सरकवलं. तेव्हाही तो वळला नाही. मग तसाच, पाठमोरा, त्याने विचारलं, "व्हयनं का?"

"व्हयनं," बेबीबाई म्हणाली.

तेव्हा आमशा वळला. अमृतच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं, त्याच्या शर्टाकडे नाही. खाली वाकून पेटीची एक कडी धरली. "अमृतभाऊ," तो म्हणाला, "त्या बाजूघाई धर. जड शे." अमृतने दुसरी कडी धरली आणि दोघांनी मिळून पेटी वर चढवली.